शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

बेळगावात वाढलेल्या मुलाला ‘व्हॅक्सिन’ हा इंग्रजी शब्द त्याचा अर्थ कळण्यापूर्वी कितीतरी वर्षे आधीपासून ठाऊक असतो. व्हॅक्सिन डेपो म्हणजे टिळकवाडीतली गर्द झाडी, सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी, सायंकाळी क्रिकेट खेळणारी मुले. “व्हॅक्सिनवर जाऊन येतो” असे घरात सांगून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या मनात सुई नसते, बॅट असते. विसाव्या शतकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या या संस्थेत देवीची लस तयार होत असे, हे त्याला पुढे केव्हातरी कळते. पुष्कळांना कधीच कळत नाही.

या एका शब्दाच्या पोटात केवढा इतिहास आहे! एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोस्तनदेवीचा द्रव टोचून पहिला प्रयोग केला आणि गाईच्या लॅटिन नावावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द घडला. हिंदुस्थानात ही लस प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत आली, म्हणजे शब्दातली गाय पुन्हा प्रत्यक्षात अवतरली. मराठीने मात्र या शब्दाचे भाषांतर केले नाही. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाला आपल्याकडे ‘लस’ म्हणत, तोच शब्द उचलला आणि कामाला लावला. खेड्यांत तर रोगालाही ‘देवी’ आणि टोचण्यालाही ‘देवी काढणे’. रोग गेला, १९७५ नंतर भारतात देवीचा स्थानिक रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. ‘लस’ राहिली, आणि आमच्या गावात ‘व्हॅक्सिन’ एका मैदानाचे नाव होऊन राहिले.

शब्द आधी येतो आणि अर्थ मागाहून येतो. कधी वाटेतच थांबतो, कधी भलत्याच घरी उतरतो. बालरोगतज्ज्ञ म्हणून गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी याच गोष्टीचा अनुभव घेत आलो आहे. माझ्याकडे येणाऱ्या मातापित्यांच्या बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात आणि आपण डॉक्टरमंडळी समाधानाने मान डोलावतो, की पालक आता सुशिक्षित झाले, सांगितलेले त्यांना कळते. शब्द कळतो यात शंका नाही. पण त्या शब्दाचा माझ्या मनातला अर्थ आणि त्यांच्या मनातला अर्थ एकच आहे काय, हे आपण फार थोड्या वेळा तपासून पाहतो.

आमच्या पिढीने इंग्रजी शब्द कसे शिकले ते येथे थोडे सांगायला हवे. मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी सुरू होई. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडायचे: शब्द, उच्चार, अर्थ. रोज दहा शब्द पाठ. घरात वडिलांच्या काळातली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे, मोठ्या भावाची वीरकरांची डिक्शनरी असे, आणि ज्याला ती पूर्ण पाठ आहे असा एक तरी दंतकथेतला गृहस्थ प्रत्येक गल्लीत असे. (आमच्या गल्लीतले असे गृहस्थ प्रत्यक्ष इंग्रजी बोलताना कुणी ऐकले नव्हते.) ही पद्धत आज हास्यास्पद वाटते, पण तिने हजारो मुले मेडिकल कॉलेजच्या दारापर्यंत नेली. तिच्यात दोष एवढाच, की एका शब्दासमोर एकच अर्थ लिहायला जागा असे. जगात शब्द असे वागत नाहीत.

खडेबाजारातून एक फेरी मारली तरी हे कळते. येथे ‘फॉल’ म्हणजे पडणे नव्हे, धबधबाही नव्हे; साडीच्या काठाला आतून लावायची पट्टी. ‘पिको’ हा तर मूळ फ्रेंच शब्द, पण ‘फॉल-पिको’ या जोडशब्दाइतके अस्सल मराठी दुसरे काय असेल? ‘मॅचिंग’ हे दुकान आहे, ‘पीस’ हे ब्लाउजचे कापड आहे, ‘मॅक्सी’ हे घरात घालायचे वस्त्र आहे. या बाजारात कधीही शाळेचे तोंड न पाहिलेली स्त्री हे शब्द बिनचूक वापरते, कारण तिला शब्दाबरोबर वस्तू मिळालेली असते. तिने शब्द पाठ केलेला नाही, हाताळलेला आहे. बेळगावला छावणी होती आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आजही येथे आहे. त्या वाटेने ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला, ‘पलटण’ आली. बाटली, इस्पितळ यांना तर आता कुणी परके म्हणणार नाही. सीमेवरच्या मराठीने तूप, अडकित्ता आणि अण्णा कन्नडकडून घेतले तसेच हे.

कापडाच्या दुकानात अर्थ चुकला तर साडी परत करता येते. दवाखान्यातल्या शब्दाचे तसे नाही.

‘कफ’ हा शब्द पाहा. आपल्या भाषेत कफ म्हणजे छातीत साठणारा चिकट बेडका. आयुर्वेदातल्या त्रिदोषांपैकी एक. इंग्रजीत ‘कफ’ म्हणजे खोकला. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, केवळ उच्चाराचा योगायोग. पण या योगायोगाने घराघरांत एक समजूत रुजविली आहे: ‘कफ सिरप’ म्हणजे छातीतला कफ काढून टाकणारे औषध. बाळ खोकले की कफ झाला, कफ झाला की कफ सिरप. “डॉक्टर, छाती भरलीया, कफ सिरप लिहून द्या की” असे म्हणणाऱ्या आजीबाईंना मी, “हे औषध कफ काढत नाही, पुष्कळदा फक्त खोकला दाबते किंवा झोप आणते” असे सांगतो, तेव्हा त्या माझ्याकडे संशयाने पाहतात. बाटलीवर छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायचा की समोर बसलेल्या डॉक्टरवर? बाटलीवर तर स्वच्छ ‘कफ’ लिहिले आहे!

हा विनोदाचा विषय राहिलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. दोष भेसळीचा होता, शब्दाचा नव्हे, हे खरे. पण साध्या सर्दीखोकल्यासाठी एवढ्या लहान मुलांच्या तोंडी ते औषध गेलेच का, या प्रश्नाच्या उत्तरात तो शब्दही कुठेतरी येतो. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे पुन्हा बजावले. बालरोगतज्ज्ञ हे आधीपासून सांगतच होते. मी आता ‘कफ सिरप’ हा शब्द स्वतः उच्चारतच नाही. ‘खोकल्याचे औषध’ म्हणतो, आणि ते बहुधा देत नाही.

दुसरा शब्द ‘ड्रॉप्स’. मराठीत थेंब. आणि थेंब म्हटले की मनात थोडे, हलके, सौम्य असे चित्र उभे राहते. पल्स पोलिओच्या थेंबांनी ते अधिकच पक्के केले. म्हणून पालकांची समजूत अशी, की तान्ह्या बाळासाठी ‘ड्रॉप्स’ म्हणजे पातळ औषध आणि मोठ्या मुलासाठी ‘सिरप’ म्हणजे जड औषध. वस्तुस्थिती उलटी आहे. बाळाच्या पोटात थोडेच औषध जावे म्हणून ड्रॉप्स अधिक तीव्र केलेले असतात. तापावरच्या पॅरासिटामॉलचे नेहमीचे ड्रॉप्स घेतले तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. आता थोरल्या भावाला १२५ च्या सिरपचा एक चमचा सांगितलेला आहे, सिरप संपले आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत आणि कपाटात धाकटीचे ड्रॉप्स आहेत. ‘हलकेच तर आहे’ म्हणून तोच चमचा भरून ड्रॉप्स दिले, की १२५ च्या जागी ५०० मिलिग्रॅम गेले. चौपट. एकदा झाले तर बहुधा निभावते. दर सहा तासांनी दोन दिवस झाले तर यकृतावर बेतू शकते. त्या आईला इंग्रजी येत नव्हते असे नाही. ‘ड्रॉप’ म्हणजे थेंब हे तिने शाळेत पाठ केले होते आणि त्यात तिला पूर्ण गुण मिळाले असते.

चमच्याचेही असेच. आपण चिठ्ठीवर ‘टीस्पून’ लिहितो, आपल्या मनात पाच मिलिलिटर असते. घरातला चहाचा चमचा कुठे याहून लहान, कुठे मोठा. ‘टेबलस्पून’ म्हणजे पंधरा. एका अक्षराच्या संक्षेपाने तिपटीचा फरक पडतो. झाकणावरच्या खुणेने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने माप घ्यावे हा उपाय सर्वांना ठाऊक आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

तीन इंग्रजी अक्षरांची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. ‘ओआरएस’. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचविले. त्या पाण्याला पुढे जगभर या तीन अक्षरांनी ओळख मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सुधारित सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. सगळे मिळून साडेवीस ग्रॅम भुकटी. हगवणीने सुकलेल्या मुलाच्या आतड्यातून ग्लुकोजच्या सोबतीने मीठ आत शिरते आणि त्यांच्यामागून पाणी. म्हणून दोहोंचे प्रमाण महत्त्वाचे. साखर वाढली की पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात.

आणि बाजारात काय झाले? याच तीन अक्षरांना पुढेमागे काही जोडून फळांच्या चवीची गोड पेये चौकोनी डब्यांतून विकली जाऊ लागली. औषधांच्या दुकानात, इस्पितळांच्या आवारात. साखर सूत्रापेक्षा कितीतरी पट. आईबाप बिचारे डॉक्टरांनी सांगितलेला शब्द डब्यावर वाचून तो विकत घेत. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते तो दुकानदाराकडून साधी पुडी घेऊन जाई आणि त्याचे मूल लवकर बरे होई, असेही मी पाहिले आहे. अक्षरज्ञानाने असा दगा द्यावा, याचे मला फार वाईट वाटत असे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रकाराविरुद्ध अनेक वर्षे एकाकी झुंज दिली आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. एका शब्दाचा अर्थ जपण्यासाठी एका डॉक्टरने एवढे करावे, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट आहे. तरी पुडी लिहून देताना ‘एक लिटर’ म्हणजे घरातली कोणती बाटली, हे दाखवायला विसरू नये. एका पुडीला एक पेला पाणी घालणारी घरे अजून आहेत, आणि पेल्याची लहान पुडी लिटरभर पाण्यात विरघळविणारीही आहेत.

निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या पालकांनी मला ‘पंप’ हा शब्द शिकविला. दम्यासाठी आपण इन्हेलर देतो, त्याला सगळेच पंप म्हणतात. पण तंबाखूच्या आणि उसाच्या रानात पंप म्हणजे पाठीवर अडकवून औषध मारायचे यंत्र. आणि रानात ‘औषध’ म्हणजे कीटकनाशक. ‘औषध प्याला’ या दोन शब्दांचा त्या भागातला अर्थ आपल्यापैकी प्रत्येकाने रात्रपाळीत कधी ना कधी ऐकलेला आहे. आता अशा घरातल्या बापाला मी म्हणतो, “मुलाला रोज दोन वेळा पंपाने औषध मारा.” त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहत असेल! वर ‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ ही समजूत आहेच. एका गृहस्थांनी मला शांतपणे विचारले होते, “डॉक्टरसाहेब, एवढ्याशा पोराच्या छातीत फवारणी सोसंल का?” प्रश्न अगदी योग्य होता. त्यांच्या शब्दकोशाप्रमाणे मी भयंकरच काही सुचविले होते. तेव्हापासून मी आधी इन्हेलर त्यांच्या हातात देतो, त्यांच्याच तळहातावर एक झोत मारून दाखवितो, मग नाव सांगतो.

‘फिट’ हा असाच दोन तोंडांचा शब्द. “बाळाला फिट आली” म्हणजे झटका आला. “बाळ फिट आहे” म्हणजे ठणठणीत. शाळेने ‘फिटनेस’चा दाखला मागितला की एखादी आजी घाबरून विचारते, “आमच्याकडं कुणालाच फिट येत नाही हो, हे कशाला?” ‘स्टूल’चा जुना किस्सा मी येथे सांगणार नाही, तो प्रत्येक डॉक्टरच्या दवाखान्यात घडलेला आहे असे प्रत्येक डॉक्टर सांगतो.

आणखी एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. आपल्या समाजात इंग्रजी शब्द पुष्कळदा अर्थ सांगण्यासाठी वापरला जात नाही, झाकण्यासाठी वापरला जातो. मोशन, युरीन, पिरियड, डिलिव्हरी. मराठी शब्द उघडा वाटतो, इंग्रजी शब्द म्हणजे अंगावर घेतलेली शाल. मरणही ‘एक्सपायर’ होते; त्यामुळे औषधाची बाटली आणि आजोबा यांना एकच क्रियापद लागते. मोठ्यांच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही, थोडी सभ्यता सांभाळली जाते. मुलांच्या बाबतीत बिघडते. आईने नाक, कान, डोळे यांची मराठी-इंग्रजी दोन्ही नावे शिकविली. पण कमरेखालच्या अवयवांना एक तर नाव नाही, किंवा घरातलेच काहीतरी लाडके नाव, जे त्या घराबाहेर कुणालाच कळत नाही. त्या मुलाला तेथे दुखले, किंवा दुर्दैवाने कुणी नको तेथे हात लावला, तर ते सांगणार कोणत्या शब्दांत? २०१२ मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी ‘पोक्सो’ कायदा झाला. पण तक्रारीचे पहिले वाक्य मुलालाच बोलायचे असते. म्हणून दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या आईला मी स्पष्ट सांगतो: शरीराच्या प्रत्येक भागाला नाव द्या. मराठी द्या, कन्नड द्या, इंग्रजी द्या, पण शेजारच्या बाईला आणि डॉक्टरलाही कळेल असे द्या.

येथून लहान मुलांच्या शब्दशिक्षणाकडे वळणे ओघानेच येते. २००० च्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. आमच्या सीमाभागात तर त्याआधीच इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे ओढा सुरू झाला होता. आता ते वय पाळण्यापर्यंत खाली आले आहे. दवाखान्यात आई बाळाला “नोज दाखव, आईज दाखव” म्हणते आणि बाळ बोट लावते; सगळ्यांना कौतुक वाटते. मलाही वाटते. पण तेच मूल रात्री कान धरून रडते तेव्हा ‘इअर’ म्हणत नाही. परीक्षेतला शब्द वेगळा आणि वेदनेतला शब्द वेगळा. पहिला चित्राच्या कार्डावरून आला, दुसरा कुशीतून.

याचा अर्थ इंग्रजी शिकवू नये असा मुळीच नाही. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने मूल उशिरा बोलते, ही समजूत अजूनही ऐकू येते, क्वचित आपल्या व्यवसायबंधूंकडूनही. तिला शास्त्रीय आधार नाही. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीतले मूल घरी मराठी ऐकते, दुकानात कन्नड, शेजारी उर्दू आणि बालवाडीत इंग्रजी. सुमारे दोन वर्षांच्या वयात पन्नासएक शब्द आणि दोन शब्दांची छोटी वाक्ये अपेक्षित असतात, तेव्हा मोजताना चारही भाषांतले शब्द मोजावेत. ‘दूध’, ‘नीरु’, ‘बॉल’ आणि ‘चाचा’ हे चार शब्द आहेत, प्रत्येक भाषेतला एकेक म्हणून नापास नव्हे. उशीर खरोखर असेल तर आधी मुलाचे कान तपासावेत, भाषा कमी करू नये. आणि मोबाइलवरच्या चित्रफितीतून इंग्रजी शब्द शिकविण्याच्या प्रयत्नात मुलाशी बोलणारे माणूसच घरातून नाहीसे झाले असेल, तर मात्र मुलाच्या हातातून आधी तो मोबाइल काढावा.

गरज पडली तर शब्द केवढ्या वेगाने शिकले जातात हे आपण २०२० मध्ये पाहिले. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि दोन-तीन महिन्यांत ‘क्वारंटाइन’, ‘स्वॅब’, ‘पॉझिटिव्ह’, ‘सॅच्युरेशन’ हे शब्द भाजीवालीच्याही तोंडी बसले. चाळीस दिवसांच्या व्हेनिसमधल्या मुक्कामावरून निघालेला शब्द बेळगावच्या गल्लीत आला. ना वही, ना तीन रकाने. घरातली आजी बोटाला ऑक्सिमीटर लावून “आज शहाण्णव आहे” असे सांगू लागली, आणि तिला ९६ आणि ८६ यांतला फरक बरोबर कळत होता. शब्दाबरोबर तिला आकडा दिला, आकड्याबरोबर काय करायचे ते दिले. मग इंग्रजी आड आले नाही. त्याच काळात ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाची मात्र उलटापालट झाली. शाळेत चांगला, रिपोर्टवर वाईट. रक्तगट ‘निगेटिव्ह’ म्हणून सुनेत काही उणे आहे, असे मानणारी सासू मला त्याआधीही भेटली होती आणि नंतरही.

शुद्ध मराठीचा आग्रह धरला तर हा गोंधळ मिटेल, असे काही मित्र म्हणतात. सावरकरांनी भाषाशुद्धीतून दिलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आपण आज सहज वापरतो, हे मान्यच आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यकाचा वर्ग चालत असे आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. ती वाट पुढे बंद झाली याचे मलाही दुःख आहे. तथापि बोर्डावर ‘अतिदक्षता विभाग’ लिहिले तरी नातेवाईक ‘आयसीयू’ कुठे आहे असेच विचारतात. शिवाय आमच्या गावात दवाखान्याच्या बाकावर मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या तीन माता शेजारी बसतात. कन्नड आईचा ‘ज्वर’ मराठीत पुस्तकी होतो आणि मराठीतली ‘हगवण’ उर्दू बोलणारीला कळत नाही. पण ‘लूज मोशन’ तिघींना कळते. हा पूल मोडू नये असे मला वाटते. त्याची फळी कुठे कुजली आहे, एवढे तपासत राहावे.

तपासायला वेळ लागत नाही. “समजले ना?” असे विचारले की उत्तर ‘हो’ असते, आपल्याकडे डॉक्टरला ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे समजतात. त्याऐवजी “घरी गेल्यावर औषध कसे देणार ते मला करून दाखवा, ताई” असे म्हणावे. बाटली हातात द्यावी, माप भरायला सांगावे. अर्धे मिनिट लागते, गर्दीच्या दिवशी एक मिनिट. “लूज व्हायलंय” म्हणणाऱ्या आईला ‘किती वेळा’ एवढेच न विचारता ‘कशी’ तेही विचारावे. स्तनपान करणाऱ्या बाळाची दिवसातून सहा-सात वेळा होणारी पातळ पिवळी शी हा आजार नव्हे, पण ‘लूज’ या शब्दाखाली ती आजार होऊन येते आणि एखाद्या उत्साही दुकानदाराकडून ॲण्टिबायोटिक घेऊन जाते.

माझ्या टेबलावर काही वर्षांपासून एक वही आहे. पालकांच्या तोंडचा इंग्रजी शब्द, त्यांच्या मनातला अर्थ आणि माझ्या मनातला अर्थ, असे तीन रकाने मी पुन्हा पाडले आहेत. ‘गॅस’ची अडीच पाने झाली आहेत, कारण तान्ह्या बाळाच्या रडण्यापासून आजोबांच्या छातीतल्या कळेपर्यंत सगळे त्यात मावते, या दुसऱ्या अर्थाने किती हृदयविकार उशिरा पोचले, हे आपल्यातले हृदयरोगतज्ज्ञ अधिक सांगू शकतील. ‘पॉवर’चे पान भरत आले आहे: गोळीचा पॉवर, चष्म्याचा पॉवर, आणि “पोरात पॉवर नाही.” ‘हीट’ आणि ‘वीकनेस’ या दोन शब्दांसमोरचे रकाने मात्र अजून अर्धे रिकामे आहेत. खानापूर, चिकोडी, निपाणीकडे व्यवसाय करणाऱ्या सहकाऱ्यांनी आपापल्या भागात हे दोन शब्द कोणत्या दुखण्यासाठी वापरतात ते लिहून पाठविले, तर पुढच्या स्मरणिकेपर्यंत ही वही सर्वांना वापरता येईल अशी नीट उतरवून काढण्याचा माझा विचार आहे.